सूक्ष्मदर्शकाखालचा बिघा

लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची नजर एका ओळीवर थांबते : ‘पस सेल्स – ४-५ / एचपीएफ’. पस म्हणजे पू, एवढे सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे काळजी सुरू होते. पुढच्या अक्षरांकडे मात्र कोणी पाहत नाही. एचपीएफ म्हणजे हाय पॉवर फील्ड. सूक्ष्मदर्शकाचे चाळीस पटींचे भिंग लावून डोळा टेकवला की जे उजळ वर्तुळ दिसते, ते एक फील्ड. फील्डचा साधा मराठी अर्थ शेत, आणि इथे तो अगदी चपखल बसतो. या इवल्याशा शेतात पू-पेशींचे पीक किती, ते रिपोर्टात लिहिलेले असते. शेतकरी एकरी उत्पन्न सांगतो, तसेच हे फील्डमागे उत्पन्न. अडचण एवढीच, की एकर सगळीकडे सारखा असतो. फील्ड तसे नसते.

फील्डचे खरे नाते एकराशी नाही, बिघ्याशी आहे. बिघा हे माप देशाच्या अनेक भागांत चालते आणि तिथे जवळपास प्रत्येक प्रांतात वेगळे भरते. बंगालचा बिघा १४,४०० चौरस फुटांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वातेरा गुंठ्यांच्या आत. राजस्थानातला पक्का बिघा १६५ फूट लांब आणि १६५ फूट रुंद, म्हणजे बरोबर २५ गुंठे. पाच बिघे जमीन आहे असे कोणी सांगितले तर कुठल्या बिघ्याने, हे विचारल्याशिवाय सोयरीकसुद्धा ठरवू नये. मोबाइलवरच्या एकक बदलणाऱ्या कॅल्क्युलेटरांत हल्ली एका टोकाला चौरस मायक्रॉन आणि दुसऱ्या टोकाला बिघा असतो. आकडा घातला की दशांश चिन्हापुढे दहा घरांपर्यंत उत्तर येते. कोणाचा बिघा धरला, हे बहुतेक वेळा कुठे लिहिलेले नसते. दहा घरांची अचूकता आणि पायाच अनिश्चित, असा तो प्रकार.

मराठी मुलखाला ही अडचण नवी नाही. शिवकाळातल्या जमीन मोजणीच्या संदर्भात पाच हात पाच मुठींच्या काठीचा उल्लेख येतो. वीस चौरस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर. त्या काठीमागचा विचार महत्त्वाचा होता : हात कोणाचाही असो, सरकारी मोजणीची काठी एकच. पुढे इंग्रजी अमलात ३३ फुटांची साखळी आली. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा, त्याचे सोळा आणे आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबारावर आज हेक्टर आणि आर असले तरी बांधावरचा व्यवहार अजून गुंठ्यातच होतो. गुंठा आणि आर एकच, असे पुष्कळ जण धरून चालतात. तसे नाही. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०१.१७. एका गुंठ्यात फरक कळत नाही, पण एकरामागे तो अर्ध्या गुंठ्याच्या जवळ जातो आणि शहराला लागून असलेल्या जमिनीत तेवढ्यासाठी भाऊबंदकी होते.

जमिनीच्या बाबतीत जो प्रश्न साखळीने सोडवला, तो सूक्ष्मदर्शकाच्या बाबतीत कित्येक प्रयोगशाळांत अजून तसाच आहे.

सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, ‘१०एक्स/१८’ किंवा ‘१०एक्स/२२’ असे कोरलेले असते. दहा हा मोठे करून दाखवण्याचा आकडा. त्यापुढचा १८ किंवा २२ हा फील्ड नंबर. त्याला खालच्या भिंगाच्या पटीने भागले की दिसणाऱ्या वर्तुळाचा खरा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. चाळीस पटींच्या भिंगाखाली १८ नंबरच्या आयपीसमधून ०.४५ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ दिसते, २२ नंबरमधून ०.५५ आणि २६ नंबरमधून ०.६५. तिन्ही ठिकाणी पेशी तेवढ्याच मोठ्या दिसतात, कारण तिन्हींत मोठे करण्याचे प्रमाण ४०० पटच आहे. गैरसमज इथेच होतो. ४०० पट म्हटले की सगळे सारखे, असे वाटते.

भाकरीच्या उदाहरणाने हे लवकर कळेल. वरची तीन वर्तुळे ४०० पट मोठी केली तर ती अनुक्रमे १८, २२ आणि २६ सेंटिमीटर व्यासाच्या भाकऱ्यांएवढी होतात. मोठी भाकरी लहानीपेक्षा रुंदीला निम्म्यानेही जास्त नाही. पण जाडी तीच ठेवली तर पीठ दुपटीहून थोडे जास्त लागते. व्यास वाढतो त्याच्या वर्गाने क्षेत्रफळ वाढते, आणि ही गोष्ट शाळेत शिकूनही माणसाच्या अंगवळणी पडत नाही. एका मीटरचे दहा लाख मायक्रॉन, म्हणून एका चौरस मीटरचे दहा लाख चौरस मायक्रॉन, असे उत्तर चांगले शिकलेले लोकही पटकन देऊन टाकतात. खरे उत्तर दहा लाख गुणिले दहा लाख, म्हणजे एक लाख कोटी. गुंठ्याचे चौरस मायक्रॉन शंभर लाख कोटींच्या वर जातात.

तेव्हा १८ नंबरच्या आयपीसचे फील्ड ०.१५९ चौरस मिलिमीटर, २२ नंबरचे ०.२३८ आणि २६ नंबरचे ०.३३२. लहान-मोठ्यात दुपटीहून अधिक फरक. बंगाल आणि राजस्थानच्या बिघ्यांतसुद्धा एवढा फरक नाही.

लघवीच्या रिपोर्टात याने फार बिघडत नाही. तिथे बिघडवणारी इतर कारणे भरपूर आहेत. लघवी किती घेतली, यंत्रात किती वेळ फिरवली, तळाचा गाळ किती थेंबांत मिसळला, यावर आकडा हलतो. त्यामुळे चारच्या जागी सहा पेशी दिसल्या म्हणजे जंतुसंसर्ग वाढला, असे समजण्यात अर्थ नाही. जळजळ नाही, ताप नाही, वारंवार लघवीला होत नाही आणि निव्वळ त्या एका ओळीवरून प्रतिजैविकाचा कोर्स सुरू झाला, हे मात्र रोजचे चित्र आहे. तो कोर्स बहुतेकदा अनावश्यक असतो. कधी रुग्ण स्वतःच केमिस्टकडून गोळ्या आणतो, कधी डॉक्टर ‘कशाला जोखीम’ म्हणून लिहून देतात. गरोदर स्त्रीची गोष्ट वेगळी, तिथे लक्षणे नसतानाही जंतूंकडे दुर्लक्ष करता येत नाही. पण निर्णय घ्यायचा तो लघवीच्या कल्चरवरून, पू-पेशींच्या आकड्यावरून नाही.

खरा धोका कर्करोगाच्या रिपोर्टात आहे.

स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढल्यावर पॅथॉलॉजिस्ट तिची प्रत, म्हणजे ग्रेड ठरवतात. जगभर वापरली जाणारी नॉटिंगहॅम पद्धत तीन गोष्टी पाहते : पेशींची मांडणी नळ्यांसारखी कितपत राहिली आहे, पेशींची केंद्रके किती बेढब झाली आहेत आणि किती पेशी विभाजनाच्या अवस्थेत पकडल्या गेल्या. प्रत्येकाला एक ते तीन गुण. बेरीज पाचपर्यंत असेल तर पहिली ग्रेड, सहा-सात दुसरी, आठ-नऊ तिसरी. शल्यक्रियेनंतर केमोथेरपी द्यावी का, याचा विचार करताना ग्रेड हा एक मुद्दा असतो. विभाजन पावणाऱ्या पेशी मोजायच्या त्या दहा हाय पॉवर फील्डमध्ये.

समजा, एखाद्या गाठीत दर चौरस मिलिमीटरला अशा पाच पेशी आहेत. १८ नंबरच्या आयपीसने दहा फील्ड पाहिली तर आठ सापडतील. २२ नंबरने बारा. २६ नंबरने सोळा-सतरा. गाठ तीच, स्लाइड तीच, मोजणारा तोच आणि तितकाच प्रामाणिक. नॉटिंगहॅम पद्धत घडवणाऱ्यांना हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी व्यासाप्रमाणे वेगवेगळ्या मर्यादांचा तक्ता दिला. तक्ता वापरायचा तर आधी आपल्या सूक्ष्मदर्शकाचा व्यास माहीत हवा. तो मोजलेलाच नसेल तर तक्ता भिंतीवर टांगलेला राहतो आणि मोजणी अंदाजाने चालते. एका गुणाच्या फरकाने पाचाचे सहा होतात, साताचे आठ होतात.

जठर आणि आतड्याच्या भिंतीत होणाऱ्या ‘जिस्ट’ या गाठीत तर हिशेब आणखी सरळ चुकतो. या गाठीचा धोका ठरवताना जुन्या अभ्यासात ५० फील्डमधली पेशीविभाजने मोजली होती आणि सीमारेषा पाच धरली होती. त्या अभ्यासातले सूक्ष्मदर्शक जुने, त्यांची फील्ड लहान. ती ५० फील्ड मिळून पाच चौरस मिलिमीटर भरत. आजच्या २२ नंबरच्या आयपीसने पाच चौरस मिलिमीटर फक्त २१ फील्डमध्ये पुरे होतात. कोणी पुस्तकातला ५० हा आकडा धरून बसला तर तो जवळजवळ बारा चौरस मिलिमीटर मोजतो. पाच चौरस मिलिमीटरला तीन विभाजने असलेली, म्हणजे सीमेच्या आतली गाठ त्याच्या मोजणीत सात विभाजनांची होऊन सीमा ओलांडते. धोका मोठा ठरला तर शस्त्रक्रियेनंतर सहसा तीन वर्षे इमॅटिनिबच्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्यांचा खर्च, अंगावर येणारी सूज, मळमळ, दर काही महिन्यांनी स्कॅन हे सगळे त्या माणसाच्या आणि त्याच्या घराच्या वाट्याला येते. मुळात काय झाले, तर बंगालच्या बिघ्याने ठरलेला सारा राजस्थानच्या बिघ्यावर लावला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या गाठींच्या वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती २०१९ पासून खंडाखंडाने निघू लागली. तिच्यात अशी मोजणी चौरस मिलिमीटरमध्ये द्यावी, असे धोरण स्वीकारले गेले. म्हणजे पॅथॉलॉजीच्या जगाने बिघा सोडून हेक्टर धरला. मोठ्या कर्करोग केंद्रांत आणि नव्या पिढीच्या पॅथॉलॉजिस्टांत हा बदल रुजतो आहे. बाहेर मात्र रिपोर्टाच्या छापील साच्यात ‘/१० एचपीएफ’ तसेच आहे. परीक्षेत पाठ केलेला आकडा नोकरी संपेपर्यंत टिकतो. सूक्ष्मदर्शक विकत घेताना भिंगे किती पटींची आहेत हे विचारले जाते. फील्ड नंबर किती, हे क्वचितच. एकाच विभागात एका टेबलावर १८ नंबरचे जुने यंत्र आणि शेजारी २२ नंबरचे नवे, असेही असते, आणि त्या दिवशी जे टेबल मोकळे असेल त्याच्यावर स्लाइड पाहिली जाते.

यावर काही पॅथॉलॉजिस्टांचा आक्षेप असतो, आणि त्यात तथ्य आहे. त्यांचे म्हणणे असे, की क्षेत्रफळाच्या चुकीपेक्षा इतर चुका मोठ्या. तालुक्याच्या गावातून गाठ पुरेशा फॉर्मॅलिनशिवाय, बरणीत कोंबून, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोचते. तोवर विभाजनाच्या खुणा पुसट झालेल्या असतात. मोजायला जागा कोणती निवडली यावरही आकडा बदलतो, आणि एक पॅथॉलॉजिस्ट ज्याला विभाजन म्हणतो, त्याला दुसरा मरणारी पेशी म्हणतो. सगळे खरे. पण या चुका दुरुस्त करायला माणसे, प्रशिक्षण आणि वाहतुकीची सोय लागते. क्षेत्रफळाची चूक एका भागाकाराने जाते. जी चूक दहा मिनिटांत दुरुस्त होते, ती मोठ्या चुकांच्या आडोशाने वर्षानुवर्षे ठेवण्याचे कारण नाही.

काही ठिकाणी वैद्यकशास्त्राने क्षेत्रफळाचा प्रश्न हुशारीने टाळला आहे. मलेरियाचे जंतू मोजताना ते फील्डमागे न मोजता २०० पांढऱ्या पेशींमागे मोजतात. पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरमागे ८,००० धरल्या की आलेल्या आकड्याला चाळीसने गुणायचे, झाला हिशेब. रक्तपेशी मोजण्याच्या न्यूबाउर काचेवर तर साखळीच ओढलेली असते. मधला एक चौरस मिलिमीटरचा तुकडा २५ चौकोनांत आणि प्रत्येक चौकोन पुन्हा सोळा घरांत विभागलेला. गुंठ्याचे सोळा आणे, तशी ही सोळा घरे. सूक्ष्मदर्शक कुठलाही असो, घराचे माप काचेवर कोरलेले असल्यामुळे ते बदलत नाही.

क्षयरोगाच्या बेडका तपासणीत पुन्हा फील्ड येते. काचेवर साधारण दोन बाय तीन सेंटिमीटरचा थर पसरतात आणि तेलाच्या भिंगाखाली शंभर फील्ड पाहतात. या शंभर फील्डमधून थराचा किती भाग नजरेखालून जातो? अर्ध्या टक्क्याच्या आसपास. एक एकर शेतातली पावणेतीन ते चार आणे जमीन पाहून पिकाचा अंदाज बांधावा, तसे. गावची पैसेवारीही निवडक तुकड्यांतले पीक कापूनच काढतात. त्यावरून पन्नास पैशांच्या आत की बाहेर, हे ठरते. नमुना छोटा असणे हा दोष नव्हे. पण शंभर फील्ड सांगितली असताना चाळीस पाहून ‘निगेटिव्ह’ लिहिले तर तो दोष, कारण शंभरात एक ते नऊ जंतू सापडणारा रुग्ण नेमका त्यात निसटतो. क्षयाच्या श्रेणी दहापटींच्या असल्यामुळे आयपीसच्या नंबराने तिथे फारसे अडत नाही. थोडक्यात, सगळीकडे चौरस मिलिमीटरचा आग्रह धरावा असे नाही. जिथे पाच आणि सातमधल्या फरकावर उपचार ठरतात, तिथे तो धरलाच पाहिजे.

मायक्रॉनपासून गुंठ्यापर्यंतचा हा प्रवास एरवीही करून पाहण्यासारखा आहे. एका तांबड्या पेशीचा पृष्ठभाग सुमारे १४० चौरस मायक्रॉन. प्रौढ पुरुषाच्या अंगात पाच लिटर रक्त आणि घन मिलिमीटरला ५० लाख तांबड्या पेशी धरल्या, तर पेशी होतात २५ लाख कोटी. सगळ्यांचे पृष्ठभाग शेजारी शेजारी अंथरले तर सुमारे ३,५०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ३५ गुंठे. एकराला थोडे कमी. लोहाच्या कमतरतेने पंडुरोग झाला की पेशींची संख्या घटते आणि त्या आकारानेही बारीक होतात, त्यामुळे ही जमीन दोन बाजूंनी आक्रसते. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना पंडुरोग आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे सांगतात. चालताना धाप लागते ती उगाच नाही.

फुप्फुसांबद्दल मात्र एक लोकप्रिय वाक्य टाळायला हवे : ‘फुप्फुसे पसरली तर टेनिसचे मैदान भरेल.’ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने केलेल्या मोजणीत वायुकोशांचा पृष्ठभाग सरासरी १४० चौरस मीटरच्या आसपास भरला होता. टेनिसचे दुहेरीचे मैदान २६१ चौरस मीटरचे असते. म्हणजे अर्धेच मैदान; गुंठ्यात सांगायचे तर एक गुंठा सहा आणे. आतड्याचेही तेच. तेही टेनिसच्या मैदानाएवढे, असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. २०१४ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संशोधकांनी पुन्हा मोजले तेव्हा ते ३० चौरस मीटरच्या आसपास निघाले, म्हणजे पाच आण्यांहूनही कमी.

पण फुप्फुसांची ही गुंठा-सव्वा गुंठा जमीन कशी जाते, ते जाणून घेण्यासारखे आहे. विडी-सिगारेटच्या आणि चुलीच्या धुराने वायुकोशांमधल्या भिंती झिजतात, दोन कोशांचा एक होतो, चारांचा एक. शेतातले बांध काढले की जमीन वाढते. इथे बांध हीच जमीन आहे. छाती फुगलेली दिसते, हवा भरपूर मावते आणि तरी प्राणवायू कमी पडतो, कारण आकारमान वाढले आणि क्षेत्रफळ गेले.

पुन्हा रिपोर्टाकडे. प्रयोगशाळेने करायचे ते फार थोडे आहे. स्टेज मायक्रोमीटर नावाची एक काचपट्टी मिळते. तिच्यावर एक मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेले असतात, प्रत्येक दहा मायक्रॉनचा. ती भिंगाखाली ठेवून व्यास मोजायचा आणि क्षेत्रफळ काढून त्या यंत्राच्या अंगावर चिकटवायचे. आयपीस बदलली की पुन्हा मोजायचे. कर्करोगाच्या रिपोर्टात पेशीविभाजनाच्या आकड्यापुढे चौरस मिलिमीटर लिहायचे. स्लाइड संगणकात उतरवणारे स्कॅनर आले की क्षेत्रफळ आपोआप मिळेल, हे खरे. पण जिल्ह्याच्या ठिकाणी ते पोचेपर्यंत सध्याच्या सूक्ष्मदर्शकांवर हजारो गाठी पाहिल्या जातील.

रुग्णाच्या नातेवाइकांनाही एक गोष्ट करता येते. दुसऱ्या मतासाठी मुंबई-पुण्याला जाताना बहुतेक जण रिपोर्टाची झेरॉक्स घेऊन निघतात. ती पुरत नाही. गाठीचे मेणातले ब्लॉक आणि मूळ स्लाइड मागून न्याव्यात; पॅथॉलॉजी विभागात अर्ज देऊन त्या मिळतात. दोन रिपोर्टांतल्या ग्रेड जुळल्या नाहीत, तर कोण चुकले यावर वाद घालण्याआधी दोन्ही ठिकाणी विचारावे : मोजणी किती चौरस मिलिमीटरमध्ये केली?